स्टिअरिंगचा रॅक ‘क्विक’ केला की गाडी चपळ होते का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर झालेली, १६५/८० आर १४ मापाचे टायर, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. जुळे सोलापुरातून महिन्यातून दोनदा पुणे, अधूनमधून आईला घेऊन तुळजापूर. स्टिअरिंग मेल्यासारखं वाटतं, हायवेला सतत दुरुस्त करावं लागतं, घाटात हात फार फिरवावे लागतात. पुण्याच्या मित्राने सांगितलंय की या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच फेऱ्यांत जाणारा क्विक रॅक टाक, गाडी एकदम चपळ होईल आणि फीलसुद्धा येईल. (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की आडवा सरकून पुढची चाकं वळवणारा दातेरी दांडा.) तर टाकावा का?

तुमच्या तीन तक्रारींपैकी फक्त तिसरीचा, म्हणजे घाटात हात फार फिरवावे लागतात याचा, रॅकच्या वेगाशी थेट संबंध आहे. पहिल्या दोन दुसरीकडून येतात. सोलापुरात स्टिअरिंग आणि अलाइनमेंटचं काम करून मला सव्वीस वर्षं झाली. ‘स्टिअरिंग स्लो आहे’ म्हणून आलेल्या बहुतेक गाड्यांत मला रॅकचा वेग कंपनीने दिला तेवढाच आढळला. कुठेतरी काहीतरी सैल झालेलं होतं, नाहीतर काहीतरी आवळलं गेलं होतं.

आधी रॅकचा वेग म्हणजे नेमकं काय ते बघू. स्टिअरिंग एक पूर्ण फेरा फिरवलं की रॅकचा दांडा जितके मिलिमीटर सरकतो, तो त्याचा वेग. पिनियनला, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या छोट्या गिअरला, किती दात आणि रॅकवरचे दात किती अंतराने कापलेत यावर तो ठरतो. तुमच्या घरी लूम आहेत असं लिहिलंय, मग हे तुम्हाला मला समजावून सांगावं लागणार नाही. लूमवर चेंज व्हील बदललं की कापड गुंडाळायचा वेग बदलतो आणि इंचात किती पिक, म्हणजे आडवे धागे, पडतात ते बदलतं. पण सूत तुटत असेल किंवा ताण नीट नसेल तर चेंज व्हील बदलून कापड सुधारत नाही. रॅकचंही तसंच आहे.

उदाहरणाला आकडे घेऊ. समजा रॅक एका फेऱ्याला ४४ मिमी सरकतो आणि चाकाच्या नकलवरचा (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग) स्टिअरिंग आर्म १२० मिमी लांब आहे. मग एका फेऱ्यात पुढचं चाक सुमारे २१ अंश वळतं. ३६० भागिले २१, म्हणजे साधारण १७ला १ हा रेशो झाला. आपल्याकडच्या साध्या गाड्या याच आसपास असतात. आता त्याच जागी ५५ मिमीचा रॅक टाकला तर चाक सुमारे २६ अंश वळेल आणि रेशो १४ला १च्या थोडा खाली येईल. रॅकची एकूण चाल १४५ मिमी धरली तर आधी टोकापासून टोकापर्यंत ३.३ फेरे लागत होते, आता २.६ लागतील. मित्र म्हणतो तो ‘अडीच’ इथेच कुठेतरी आहे. तुलनेसाठी सांगतो, स्कूटरच्या किंवा रिक्षाच्या हँडलचा रेशो १ला १ असतो. हँडल जितकं वळेल तितकंच चाक. अल्फा रोमिओची जिउलिया ११.८ला १च्या आसपास आहे, आणि ती क्विक स्टिअरिंगसाठीच ओळखली जाते.

आता ४४वरून ५५ या २५ टक्के वाढीची किंमत कुठे कुठे मोजावी लागते ते बघा.

पहिली किंमत जोराची. कमी फिरवून तेवढंच चाक वळवायचं तर हाताला जोर जास्त लागणार. ४४चा ५५ झाला की स्टिअरिंगवरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) त्याच प्रमाणात, म्हणजे २५ टक्के वाढतो. ‘पॉवर स्टिअरिंग आहे ना’ असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्या गाडीत मोटर कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्यावर आहे, पिनियनच्या वरच्या बाजूला. ती जास्तीत जास्त जेवढा टॉर्क देऊ शकते तेवढाच देणार, आणि मोठ्या पिनियनमधून तो रॅकपर्यंत कमी जोराने पोहोचणार. नवी पेठेत उभ्या गाडीचं चाक पूर्ण वळवून पार्किंगमधून बाहेर काढताना हे लगेच जाणवेल. उन्हाळ्यात ४३ अंशांत ती मोटर आणि तिचा कंट्रोलर आधीच तापलेला असतो, त्यात पुन्हा ही भर.

दुसरी किंमत सरळ रस्त्यावरची. तुमच्या वापरात तीच सगळ्यांत मोठी आहे. पुण्याला जाताना तुमचा जवळजवळ सगळा वेळ स्टिअरिंग मध्यापासून दहा-पंधरा अंशांच्या आत असतं. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, सगळा सरळ पट्टा. तिथे १०० किमी वेगाने जाताना हात नकळत १ अंश हलला आणि दोन सेकंद तसाच राहिला, तर नुसत्या भूमितीच्या हिशेबाने १७ला १च्या रेशोवर गाडी सुमारे ६५ सेंटिमीटर बाजूला जाते. नव्या रॅकवर तीच गाडी सुमारे ८० सेंटिमीटर जाईल. प्रत्यक्षात टायर थोडा घसरत वळतो म्हणून दोन्ही आकडे कमी भरतील, पण दोन्हींतलं प्रमाण तेच राहील. शिंक आली, मागच्या सीटवरचं पोर ओरडलं, बाजूने एसटी सपकन निघून गेली, तर हात १ अंशापेक्षा जास्तच हलतो. ऊस हंगामात अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर अचानक समोर येतो. तेव्हा घाबरून मारलेला झटका त्याच गाडीला २५ टक्के जास्त लागेल. हायवेला सतत दुरुस्त करावं लागतं ही तुमची तक्रार आहे. क्विक रॅकने ती वाढेल.

आता चपळाईकडे येतो, कारण मित्राचं बोलणं सगळ्यांत जास्त इथेच फसवं आहे.

स्टिअरिंग फिरल्यापासून गाडी खरोखर वळेपर्यंत मध्ये बरंच काही घडतं. रॅक सरकतो, रॅकला चाकाशी जोडणारा टाय रॉड ढकलला जातो, चाक वळतं, टायरची भिंत पिळली जाते. बाजूचा जोर पूर्ण तयार व्हायला टायरला थोडं अंतर पुढे जावं लागतं, साधारण चाकाच्या अर्ध्यापासून एका फेऱ्यापर्यंत. ६० किमी वेगात यात सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. मग चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश दबतात, बॉडी एका बाजूला झुकते, आणि त्यानंतर मागची चाकं जोर धरतात. मागची चाकं जोर धरेपर्यंत गाडी वळणात ‘बसलेली’ नसते. यातल्या एकाही गोष्टीला क्विक रॅक हात लावत नाही. तो फक्त तुमचा हुकूम मोठा करून पाठवतो. हुकूम ऐकायला टायर आणि सस्पेन्शनला आधी जितका वेळ लागत होता तितकाच लागतो. भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के असलेल्या तुमच्यासारख्या मऊ टायरवर क्विक रॅक टाकला की गाडी आधी उशिरा हलते आणि मग गरजेपेक्षा जास्त हलते. चालवणारा ती मागे घेतो, तेही उशिरा आणि जास्त होतं. मागे बसलेल्या माणसाला तुळजापूरच्या घाटात मळमळायला एवढं पुरतं. तुमच्या आईचा विचार करून हे मुद्दाम लिहितोय.

म्हणून जिथे कंपनीने रॅक खरोखर क्विक दिलेला असतो, तिथे सोबत कमी उंचीचे टायर, कडक बुश, मागच्या सस्पेन्शनची वेगळी मांडणी असं सगळं पॅकेज असतं. दुसरा रस्ता म्हणजे बदलता रेशो. आर्थर बिशप या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने रॅकचे दातच असे कापायची पद्धत काढली की मध्याजवळ एक वेग आणि टोकाकडे दुसरा. सरळ रस्त्यावर शांत, पार्किंगमध्ये चटकन. बीएमडब्ल्यूने २००३च्या पाच सीरिजमध्ये कॉलममध्ये मोटर आणि गिअर बसवून वेगाप्रमाणे रेशोच बदलून दाखवला. नुसता रॅक बदलून भागत असतं तर एवढा खटाटोप कुणी केला नसता.

आता फील. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, थोडं विस्ताराने लिहितो.

फील म्हणजे टायर रस्त्यावर काय करतोय ते हाताला कळणं. वळणात टायर चाकाला पुन्हा सरळ करायला बघतो, तो जोर टाय रॉड, रॅक, पिनियन, कॉलम असा हातापर्यंत येतो. पकड संपत येण्याच्या जरा आधी तो जोर कमी व्हायला लागतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि धूळ एकत्र होते, तेव्हा हे हलकेपण ओळखणारा माणूस ब्रेक मारायच्या आधीच पाय उचलतो. फीलचा खरा उपयोग हा.

क्विक रॅकवर टायरचा तोच जोर हाताला २५ टक्के मोठा होऊन येतो, हे खरं आहे. कॉलममधलं घर्षण तेवढंच राहतं, म्हणून बारीक निरोपसुद्धा त्यातून पार होतो. मित्राचं अर्धं खरं ते इथे. पण खड्ड्याचा झटकाही तसाच मोठा होऊन येतो. शिवाय इलेक्ट्रिक मोटर मध्ये असली की हाताला काय आणि किती पोहोचू द्यायचं ते मोटरचा प्रोग्राम ठरवतो. जुनी मारुती ८०० चालवलेल्या माणसाला विचारा. पॉवर नाही, रॅक काही क्विक नाही, पण अरुंद टायर, हलकं नाक आणि मध्ये कुठलीही मोटर नाही, म्हणून रस्त्यावरचा खडान्‌खडा कळायचा. लोटसची एलिस गाडी स्टिअरिंगच्या फीलसाठी जगभर नावाजली गेली, तिचा रेशो १५.८ला १ होता. म्हणजे तुमच्या गाडीहून फार लांब नाही. तिथे फील वजन, घर्षण आणि भूमितीतून येतो.

मग तुमचं स्टिअरिंग मेलंय कशाने? ९२ हजार किलोमीटरच्या गाडीत मी कुठे बघतो ते सांगतो.

गेल्या वर्षी तुमच्यासारखीच एक हॅचबॅक आली होती. मालकाचं म्हणणं, सात रस्त्याला वळून झालं की स्टिअरिंग आपण होऊन परत येत नाही, ओढून सरळ करावं लागतं. आणि हायवेला गाडी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे तरंगते. आधी एका गॅरेजमध्ये रॅकचा खटखट आवाज ‘काढून’ दिला होता. गाडी वर घेतली आणि पुढची दोन्ही चाकं मोकळी लटकत असताना स्टिअरिंग एका बोटाने फिरवून बघितलं. मध्याजवळ ते घट्ट, चिकट. रॅकच्या घराला मागून एक स्क्रू असतो, रॅक डॅम्पर स्क्रू. तो स्प्रिंगच्या मदतीने रॅकला पिनियनवर दाबून धरतो. कंपनीच्या पद्धतीत तो ठरलेल्या टॉर्कला आवळून मग ठरावीक अंश मागे घ्यायचा असतो. आवाज बंद करायला कुणीतरी तो पूर्ण आवळून टाकला होता. खरं तर आवाज डाव्या टोकाच्या झिजलेल्या रॅक बुशचा होता. आम्ही बुश बदलला, नवं ग्रीस भरलं, स्क्रू मागे घेतला. अगदी शेवटी उरला होता फक्त आठव्या हिश्शाचा फेरा. तेवढा सोडला आणि माझ्या बोटाखालून स्टिअरिंग सुटून स्वतःच्या वजनाने जरासं फिरलं. त्याच संध्याकाळी मालकाचा फोन आला, ‘रॅक नवीन टाकला का?’

आवळलेला डॅम्पर स्क्रू ही पहिली जागा. दुसरी म्हणजे कॉलमच्या खालचा क्रॉस, म्हणजे दोन दांडे कोनात जोडणारा सांधा. पावसाचं पाणी आणि चिखल बसून तो गंजतो, मग स्टिअरिंग एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. तिसरी लोअर आर्मचे मागचे बुश. आपल्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि डांबराला लाटा येतात. अक्कलकोट आणि बार्शी बाजूला रोज फिरणाऱ्या गाड्यांचे हे बुश माझ्या बघण्यात सगळ्यांत आधी जातात. ते फाटले की ब्रेक लावताना चाक मागे सरकतं, कॅस्टर (चाकाला आपोआप सरळ करणारा मागचा कल) कमी होतो आणि गाडी सरळ चालायचं विसरते. चौथी जागा टो, म्हणजे वरून बघितलं तर पुढच्या चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. तो जास्त बाहेर असला की गाडी प्रत्येक लाटेवर इकडेतिकडे बघत चालते. आणि टायर. सहा-सात वर्षांचे झाले असतील तर नक्षी कितीही उरलेली असो, रबर कडक झालेलं असतं. त्यावर पुन्हा २५चा प्रेशर भरून फिरणारी माणसं मी रोज बघतो. दाराच्या आत चिकटवलेल्या तक्त्यावरचा आकडा भरा, थंड टायरमध्ये.

एक परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. स्टिअरिंगच्या अगदी माथ्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा. सकाळी लवकर, पुढेमागे कुणी नसताना, हायवेला ७० किमी वेग धरून तो तुकडा हळूच एक बोट डावीकडे, एक बोट उजवीकडे न्या. नाक लगेच हललं तर मधला भाग ठीक आहे. दोन बोटं जाऊनही काही झालं नाही आणि मग एकदम वळलं, तर सैलपणा आहे. त्यावर क्विक रॅक टाकला तर सैलपणा तसाच राहील आणि मागून येणारी उडी मोठी होईल.

क्विक रॅक बसवण्यातला एक धोका लोक फारसा बोलत नाहीत, म्हणून तो सांगतो. रॅकची लांबी. रॅकच्या दोन टोकांच्या बॉल जॉइंटमधलं अंतर आणि त्यांची उंची लोअर आर्मच्या पिव्होटशी जुळवलेली असते, म्हणजे चाक खालीवर झालं तरी टो बदलत नाही. दुसऱ्या मॉडेलचा रॅक काही मिलिमीटर रुंद किंवा वर-खाली बसला की प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप थोडं वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. अलाइनमेंट मशीनवर उभ्या गाडीत सगळे आकडे हिरवे दिसतात, आणि रस्त्यावर गाडी सापासारखी चालते. असा रॅक बसवून आलेली एक गाडी मी तपासली आहे. स्प्रिंग काढून, चाक जॅकने इंच-इंच वर घेत, प्रत्येक इंचाला टो मोजला. दोन इंच वर जाईपर्यंत चाक नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकं बाहेर वळलं होतं. शेवटी मूळ रॅक भंगारातून शोधून परत बसवावा लागला.

रॅकची एकूण चालही जुळायला हवी. जास्त असेल तर टायर आतल्या फेंडरला घासतो आणि इंजिनचा जोर वळलेल्या चाकापर्यंत नेणारा बाहेरचा सीव्ही जॉइंट त्याच्या मर्यादेपलीकडे वाकतो. कुणी स्टिअरिंग आर्म छोटा करून वेग वाढवून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, त्याने आतल्या आणि बाहेरच्या चाकाच्या वळणाचं गणितच बिघडतं. नव्या गाड्यांत, जिथे ईएसपी (घसरणारी गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आहे, तिथे आणखी एक अडचण. ईएसपी स्टिअरिंगचा कोन बघून गाडी किती वळायला हवी याचा हिशेब जुन्या रेशोने करतो. गाडी त्याच्या हिशेबापेक्षा जास्त वळली की मागचा भाग घसरतोय असं समजून तो नको तिथे ब्रेक लावू शकतो. तुमच्या गाडीत ते नसावं, पण घरात दुसरी नवी गाडी असेल तर तिच्यावर हा प्रयोग अजिबात करू नका. छोटं स्टिअरिंगही लावू नका. ३७० मिमीचं काढून ३४० मिमीचं लावलं तर हाताची चाल ८ टक्के कमी होते आणि जोर ९ टक्के वाढतो, रेशो तोच राहतो. एवढ्यासाठी एअरबॅग घालवायची नाही.

क्विक रॅक वाईट आहे असं मात्र मी म्हणत नाही. रॅली किंवा ऑटोक्रॉसला जाणाऱ्या पोरांना मी स्वतः बसवून दिला आहे, त्याच मॉडेलच्या घरात बसणारा, लांबी मोजून. तिथे हात स्टिअरिंगवर घड्याळातल्या नऊ-तीनच्या जागेवरून न उचलता अवघड वळण पार होतं. मागचा भाग सुटला तर उलटं स्टिअरिंग वेळेत पोहोचतं. त्यात खरा आनंद आहे. पण त्या गाड्यांचे टायर, स्प्रिंग, बुश आधी झाले होते, रॅक शेवटी आला.

तुमच्या गाडीचा रॅक आत्ता नेमका किती वेगाचा आहे, हे मोजून घ्या. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही. एका बाजूचं रॅक बूट (रॅकच्या टोकावरचं रबरी आवरण) मागे सारा, मध्यावर रॅकवर खडूची खूण करा आणि स्टिअरिंग एक फेरा फिरवून स्टीलच्या पट्टीने चाल मोजा. बूट परत बसवताना क्लिप नीट लागली का ते बघा, आपल्या धुळीत उघडा रॅक सहा महिन्यांत खराब होतो. मग क्रमाने डॅम्पर स्क्रू, क्रॉस, बुश, टाय रॉड एंड, त्यानंतर टायर, आणि सगळ्यांत शेवटी अलाइनमेंट. टायर बदलायची वेळ आलीच असेल तर कंपनीने याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला दिलेलं कमी उंचीचं माप घ्या, रिमसकट. घाटात हात कमी फिरणार नाहीत, पण प्रत्येक अंशाला गाडी लवकर उत्तर देईल.

हे झाल्यावर एक महिना, म्हणजे पुण्याच्या दोन फेऱ्या आणि तुळजापूरची एक, तशीच चालवा. टेपची परीक्षा पुन्हा करा. त्यानंतरही घाटात हात फार फिरवावे लागतात असं वाटत असेल, तर मोजलेला मिलिमीटरचा आकडा आणि दोन बॉल जॉइंटमधलं अंतर मला कळवा. मग त्या मापात बसणारा, ५० मिमीच्या वर न जाणारा रॅक मिळतो का ते आपण बघू.